पंगत वेगळी, बाक एक

कोल्हापूरच्या जुन्या व्यापारी पेठांत सकाळी सातच्या सुमारास दोन प्रकारची मुले रस्त्यावर दिसतात. पेढ्यांची दारे अजून उघडलेली नसतात. चौकात पिवळ्या बसगाड्या येऊन थांबतात आणि व्यापारी घरांतील मुले त्यांत बसून शहराबाहेरच्या, प्रशस्त मैदाने असलेल्या शाळांकडे निघून जातात. बस गेल्यावर थोड्या वेळाने त्याच रस्त्याने काही मुले पायी जाताना दिसतात. ती हमालांची, दुकानातील नोकरांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुले असतात. त्यांची शाळा जवळच, महापालिकेची. दिवसभर एकाच पेठेवर ज्यांच्या घरांची चूल चालते, त्या घरांतील मुले एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आणि याचे कोणास नवल वाटत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात नवल वाटले होते ते उलट गोष्टीचे. निरनिराळ्या जातींची मुले एका बाकावर बसू लागली, हीच तेव्हा मोठी घटना होती. कोल्हापूरच्या शाळांचा इतिहास हा त्या बाकाचा इतिहास आहे. त्यात जैन समाजाचा वाटा मोठा आहे; अभिमान वाटावा असा आहे आणि विचारात पडावे असाही आहे.

पंतोजी, पाढे आणि पेढी

इंग्रजी राजवटीच्या छायेखाली नव्या शाळा निघण्यापूर्वी संस्थानांतील शिक्षण पंतोजींच्या हाती होते. वाड्याची ओसरी, देवळाचा मंडप किंवा एखाद्या सावकाराच्या घराची पडवी हीच शाळा असे. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, मग मोडी वाचायला शिकायचे, आणि संध्याकाळी एका सुरात पाढे, पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी म्हणायची. पंतोजींना महिन्याकाठी थोडे पैसे, थोडे धान्य आणि सणाला शिधा मिळे.

व्यापारी घरांना या शिक्षणात काही उणे वाटत नसे. मुलाला रोजकीर्द लिहिता आली, खतावणी करता आली, व्याजाचा आकडा तोंडी काढता आला की तो पेढीवर बसण्यास लायक ठरे. बाकीचे शिक्षण गादीवरच होई. माल कसा पारखावा, उधारी कोणाला द्यावी, शब्द कसा पाळावा, हे वडिलांच्या आणि दिवाणजींच्या शेजारी बसून शिकायचे असे. धर्माचे शिक्षण घरात आणि मंदिरात होत असे. त्यामुळे शाळा ही वेगळी जागा असावी, तिला इमारत असावी, तिच्यासाठी मुलाने गाव सोडावे, ही कल्पना व्यापाऱ्याच्या हिशेबात बसत नव्हती.

हा हिशेब बदलला तो शहर बदलल्यामुळे. १८८० साली कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय सुरू झाले. १८९१ मध्ये मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी रेल्वे स्थानकाजवळ शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविली. पंचगंगेच्या खोऱ्यातील गूळ आता बैलगाडीने घाट उतरून जाण्याऐवजी रेल्वेच्या वाघिणीत भरला जाऊ लागला. गुजरात, कच्छ आणि मारवाडातून आलेल्या घराण्यांनी पेठेत आडतीच्या पेढ्या घातल्या. शिरोळ, हातकणंगले, कागल या भागांतील जैन शेतकरी आपला माल घेऊन याच पेठेत येऊ लागला. दुकानात तारा येऊ लागल्या, रेल्वेच्या पावत्या इंग्रजीत आल्या, कोर्टाचे कागद आले. पावकी-निमकी जाणणारा हुशार मुलगा या कागदांपुढे निरक्षर ठरू लागला. मुलाला इंग्रजी शाळेत घातले पाहिजे, हे व्यापाऱ्याला धर्मोपदेशाने नव्हे तर रेल्वेच्या पावतीने पटविले.

स्वयंपाकघराचा प्रश्न

शहरात शाळा होती, महाविद्यालय होते; तरी खेड्यातील मुलगा तेथे पोहोचत नव्हता. अडचण फीची तर होतीच, पण त्याहून मोठी अडचण राहण्या-जेवण्याची होती. शहरात नातेवाईक नसलेल्या मुलाने उतरायचे कोठे? जातीचे नियम कडक असलेल्या त्या काळात परक्या घरी पानावर बसणे सोपे नव्हते. जैन मुलाची अडचण आणखी बारीक होती. सूर्यास्तापूर्वी जेवण, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग हे नियम पाळणारे स्वयंपाकघर त्याला शहरात कोठे मिळणार? शिक्षण हवे तर आचार सोडा आणि आचार हवा तर शिक्षण सोडा, असा हा पेच होता. आई-वडील बहुधा दुसरा पर्याय निवडत आणि मुलाला शेतावर किंवा दुकानात ठेवून घेत.

शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले. प्रयोग उदात्त होता, पण त्याचा लाभ प्रत्यक्षात मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. इतर जातींची मुले तेथे फारशी आलीच नाहीत. तेव्हा महाराजांनी वेगळा मार्ग धरला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांचे वसतिगृह आपण चालवावे, दरबाराने जागा आणि मदत द्यावी. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. दिगंबर जैन बोर्डिंगही त्याच वर्षीचे. पुढे १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क, त्याच वर्षी दैवज्ञ आणि नामदेव, अशी एकामागून एक वसतिगृहे निघाली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी हे नाव कोल्हापूरला मिळाले ते या वसतिगृहांमुळे.

जैन समाज या कामास तयार होता, याचे कारण दोन वर्षे आधी पडलेले पाऊल होते. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती आणि शिक्षण हाच तिच्या कार्याचा मुख्य विषय होता. मुंबईत याच सुमारास जवाहिरांचे व्यापारी सेठ माणिकचंद हिराचंद यांनी हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभे केले होते आणि ठिकठिकाणच्या जैन वसतिगृहांच्या चळवळीस ते बळ देत होते. समाजाचा पैसा तोवर मंदिर, धर्मशाळा आणि प्रतिष्ठा महोत्सव यांकडे वळत आला होता. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांपैकी ज्ञानदान म्हणजे केवळ शास्त्राची पोथी लिहवून मंदिरात ठेवणे नव्हे, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला दोन वेळचे जेवण घालणे हेही ज्ञानदानच आहे, हा अर्थ या पिढीने रूढ केला. मोठी क्रांती होती ती, आणि ती एका स्वयंपाकघरातून झाली.

जातवार वसतिगृहांनी जाती अधिक घट्ट होतील, अशी टीका त्या काळीही होत होती. तिच्यात तथ्य होते. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वेगळी होती ती पंगत; शाळा वेगळी नव्हती. सकाळी आपापल्या वसतिगृहातून निघालेले जैन, मराठा, लिंगायत आणि मुसलमान विद्यार्थी राजाराम हायस्कुलाच्या एकाच वर्गात येऊन बसत. एकच मास्तर, एकच फळा, एकच परीक्षा. चुलीपाशी जो भेद राहिला होता तो वर्गात निदान काही तास तरी बाजूला ठेवावा लागे. वसतिगृह हा शाळेला पर्याय नव्हता. शाळेपर्यंत पोहोचण्याचा तो जिना होता.

जिन्यावरून उतरविलेला मुलगा

या जिन्यावर एक प्रसंग घडला, जो जैन समाजाने विसरू नये.

कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला, पायगोंडा पाटलांचा मुलगा भाऊ शिक्षणासाठी कोल्हापुरास आला. राजाराम हायस्कुलात त्याचे नाव दाखल झाले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. अभ्यासात तो फार चमकला नाही. कुस्ती, पोहणे आणि दंगा यांत मात्र पुढे होता. चरित्रकारांनी नोंदविलेली हकीकत अशी की, मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो हजर राहिला. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यास सांगण्यात आले. माणसांमध्ये जाऊन आल्याबद्दल स्नान कशाला, म्हणून त्याने नकार दिला. वसतिगृहाचा कारभार पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यास बोर्डिंगमधून काढून टाकले.

येथे लठ्ठे यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. लठ्ठे हे त्या पिढीतील अत्यंत विद्वान जैनांपैकी एक होते. १९०५ मध्ये त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला, राजाराम महाविद्यालयात अध्यापन केले, शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले, कोल्हापूरचे दिवाणपद भूषविले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. सुधारणेचा पुरस्कार करणारा हा माणूस. तरीही नियमापुढे त्याला विद्यार्थ्याच्या नकारामागील सत्य दिसले नाही. संस्था चालविणाऱ्यांना हा धोका नेहमीच असतो. दार उघडण्यासाठी नियम करावा लागतो, आणि पुढे तोच नियम दार लावून घेऊ लागतो.

त्या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात सम्राट एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासण्याचे प्रकरण घडले. संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना धरण्यात आले. ज्यांनी आपणास वसतिगृहाबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध एक वाक्य बोलले असते तर सुटका होती. भाऊरावांनी छळ सोसला, मरण पत्करण्याचा प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. सत्यव्रताचे धडे पाठशाळेत पुष्कळांनी पाठ केले असतील. ज्याला वसतिगृहाच्या शिस्तीत बसविता आले नाही त्या विद्यार्थ्याने ते आचरून दाखविले.

पुढची कथा महाराष्ट्र जाणतो. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले आणि त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस बसत, स्वयंपाकात आणि कष्टात सारखा वाटा उचलत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. मुलांच्या जेवणाची तूट आली तेव्हा जैन आचारात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. कोल्हापुरात पंगत वेगळी आणि बाक एक होता. साताऱ्यात पंगतही एक झाली. एका दारातून बाहेर काढलेल्या जैन मुलाने बहुजनांच्या मुलांसाठी महाराष्ट्रातील सर्वांत मोठे दार उघडले.

राज्याने केलेली सक्ती

वसतिगृहांमुळे उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. गावोगावच्या लहान मुलांचा प्रश्न उरला. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपयाचे मोल पाहता हा दंड केवळ कागदावरचा नव्हता. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच सरकारी शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. हायस्कुलात जो बाक आधीच एक होऊ लागला होता, तो आता गावच्या शाळेतही एक व्हावा, असा त्याचा अर्थ होता.

मुलींच्या शिक्षणाची देखरेख दरबाराने रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोपविली होती. तरीही व्यापारी घरांतील मुली चार इयत्तांपलीकडे क्वचितच जात. या बाबतीत महाराजांनी स्वतःच्या घरापासून आरंभ केला. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या बालविधवा पत्नी इंदुमतीदेवी यांच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी सोनतळी येथे केली, आणि त्यांच्यासोबत शिकण्यासाठी इतर समाजांतील मुलींनाही ठेवले. राजघराण्यातील सुनेसाठी राजवाड्यात खासगी शिक्षक नेमणे सहज शक्य होते. एकटे शिकलेले शिक्षण अपुरे असते, हे महाराज जाणून होते.

शहर वाढले, वर्ग विरळ झाले

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबाराची जागा सरकारी अनुदानाने घेतली. १९५४ मध्ये बापूजी साळुंखे यांनी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली आणि गावोगावी माध्यमिक शाळा निघाल्या. कुंभोजजवळ बाहुबली येथे समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये सुरू केलेला ब्रह्मचर्याश्रम वाढत होता. तेथे धर्मशिक्षण आणि शालेय शिक्षण हातात हात घालून चालत होते. राजाराम महाविद्यालयात डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून १९६२ पर्यंत अर्धमागधी शिकवीत होते. सदलग्यासारख्या गावातून आलेल्या या प्राध्यापकाने प्राकृत ग्रंथांच्या संपादनाने जगभरच्या विद्वानांत कोल्हापूरचे नाव नेले, आणि त्यांच्या वर्गात बसण्यासाठी जैन असण्याची अट नव्हती. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले. खेड्यातून निघालेल्या मुलास आता पदवीसाठी पुण्याकडे पाहावे लागत नव्हते.

याच काळात शहराचा आकार बदलत गेला. १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. उद्यमनगरात ओतशाळा आणि यंत्रांचे कारखाने वाढले. पेढी पेठेत राहिली, पण घर ताराबाई पार्क, नागाळा पार्क किंवा त्याहून पलीकडे गेले. वाड्यांच्या जागी व्यापारी संकुले उभी राहिली. पेठेत राहणारी मुलेच कमी झाल्यावर पेठेतील शाळांचे वर्ग विरळ होणे अपरिहार्य होते.

मग माध्यमाचा प्रश्न आला. ज्या कारणाने १९०० च्या सुमारास व्यापाऱ्याने मुलास इंग्रजी शाळेत घातले, त्याच कारणाने त्याचा पणतू इंग्रजी माध्यमात गेला. २००० साली राज्याने पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू केला, तरी हा ओघ थांबला नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने विनाअनुदानित शाळा काढण्याची वाट अधिक रुंद केली. पालकांस दोष देऊन उपयोग नाही. प्रत्येक पालक आपल्या मुलासाठी उपलब्ध असलेले सर्वांत चांगले ते निवडतो, आणि निवडावेच. मात्र प्रत्येकाने स्वतंत्रपणे घेतलेल्या योग्य निर्णयांची बेरीज कधी कधी चुकीची निघते, हे हिशेब जाणणाऱ्या समाजास वेगळे सांगावयास नको. आज त्या बेरजेचे उत्तर असे आले आहे की, एका शहरातील मुले फीच्या आकड्यानुसार वेगवेगळ्या दारांनी शाळेत जातात. आज पंगत एक झाली आहे. लग्नकार्यात, उपाहारगृहात कोणी शेजाऱ्याची जात विचारीत नाही. वेगळा झाला आहे तो बाक.

देणगीची पाटी आणि मुलाचे ताट

जैन समाजाने शिक्षणास देणे थांबविलेले नाही. नव्या इमारती, प्रयोगशाळा, शिष्यवृत्त्या यांसाठी व्यापारी आजही सढळ हाताने देतो, आणि अनेक शाळांच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाट्यांत ही नावे वाचावयास मिळतात. मात्र १९०१ च्या देण्यात आणि आजच्या देण्यात एक फरक पडला आहे. त्या काळी समाजाने वसतिगृहास पैसा दिला आणि आपली मुलेही दिली. ज्या स्वयंपाकघरात आपल्या भाच्याचे ताट मांडले जाते, तेथील आमटी पातळ झाली तर विश्वस्तांस ते अहवालातून कळावे लागत नसे. आज देणगी एका शाळेस जाते आणि मूल दुसऱ्या शाळेत. देणगीदार शाळेत येतो तो वर्षातून एकदा, पाहुणा म्हणून. पाहुण्यास कोणी गळके छप्पर दाखवीत नाही.

कायद्यानेही समाजाच्या हाती एक नवे साधन दिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदानुसार आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार त्यामुळे दृढ झाला. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू होणार नाही. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे जे बंधन इतर खासगी शाळांवर आहे, ते या शाळांवर राहिले नाही. ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन आहे, हा केवळ योगायोग; पण कोल्हापूरकराच्या मनात तो रेंगाळावा असा आहे.

अधिकार हा अधिकार आहे आणि तो जपलाच पाहिजे. आहाराचे नियम, पर्वाच्या सुट्ट्या, धर्मशिक्षणाचा तास यांसाठी स्वतःची संस्था असणे आजही मोलाचे आहे. १९०१ मध्ये जसे होते तसेच. परंतु कायद्याने बंधन नाही म्हणून दार लावून घेणे वेगळे, आणि बंधन नसताना दार उघडे ठेवणे वेगळे. सक्तीने दिलेल्या वस्तूस दान म्हणत नाहीत. ज्या शाळेवर पंचवीस जागांची सक्ती नाही, तिने आपल्या पेठेतील हमालाच्या, दुकानातील मदतनिसाच्या मुलांसाठी स्वेच्छेने दहा जागा ठेवल्या, तर त्या दहा जागांस ज्ञानदान हा शब्द शोभेल. समाजाने चालविलेल्या कित्येक संस्थांत इतर समाजांची मुले आजही शिकतात. तो प्रवाह फीच्या बांधामुळे अडू नये, एवढीच खबरदारी घ्यावयाची आहे.

सार्वजनिक शाळा आता सुधारणेपलीकडे गेल्या आहेत, ही समजूतही कोल्हापुरातच खोटी ठरते. जरगनगर येथील महापालिकेच्या विद्यामंदिरात प्रवेश मिळावा म्हणून पालक रांगा लावतात, ही बातमी शहराने वर्षानुवर्षे वाचली आहे. तेथेही सरकारी पगारावरचेच शिक्षक आहेत आणि तीच क्रमिक पुस्तके आहेत. लक्ष घालणारे पालक आणि मनापासून शिकविणारे शिक्षक एकत्र आले की पालिकेच्या शाळेपुढेही रांग लागते, एवढाच त्याचा अर्थ. ज्या पेठेत एक शाळा विरळ होत चालली आहे, त्या पेठेतील पाच व्यापाऱ्यांनी महिन्यातून एकदा तिच्या वर्गात जाऊन बसावे, व्यवस्थापन समितीच्या सभेस हजर राहावे, संध्याकाळी दुकानाच्या माडीवर दोन तास अभ्यासिका चालवावी आणि तेथे स्वतःच्या नातवंडांसही पाठवावे. यास मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो, आणि व्यापाऱ्याजवळ सर्वांत महाग वस्तू वेळच असते. म्हणूनच त्याचे दान पैशाच्या दानाहून जड भरेल.

जुन्या पेढ्यांच्या वह्यांत धर्मादायाचे खाते वेगळे असे. मालाच्या व्यवहारातून थोडी रक्कम त्या खात्यास जमा होई आणि पांजरपोळ, पाणपोई, पाठशाळा यांस खर्ची पडे. वर्षअखेरीस त्या खात्यावर शिल्लक दिसली तर ती नफा मानली जात नसे. ते देणे समजले जाई. कोल्हापूरच्या ज्या बाकांनी रेल्वेच्या पावतीपुढे अडखळणाऱ्या घरांना इंग्रजी, कायदा आणि बाजाराचे जग दाखविले, त्या बाकांचे देणेही त्याच खात्यावर अजून शिल्लक आहे. सकाळी सात वाजता पेठेतील महापालिकेच्या शाळेत मुले पायी निघतात, तेव्हा तिचे दार उघडलेले असते. आत जाऊन बसण्यास कोणाची मनाई नाही.